एका आढ्याखालचे विमान

आमचे घर वसईतील जुन्या वळणाचे आहे. कौलारू छप्पर, पुढे लांबलचक ओटी, मागे पडवी, पडवीपलीकडे केळीची वाडी आणि वाडीच्या तोंडाशी विहीर. २००९ सालापासून या घराच्या मधोमध नऊ इंच जाडीची विटांची भिंत उभी आहे. आढे एक, कौले एक, पावसाळ्यात गळती लागली तर तीही एकच. पण चुली दोन आणि दारे दोन. भिंतीच्या दक्षिणेस आमच्यातला थोरला राहतो, उत्तरेस धाकटा. ही भिंत आम्ही दोघांनी निम्मा-निम्मा खर्च करून बांधली. त्यानंतर पंधरा वर्षे आम्ही मिळून काहीच बांधले नाही. या लेखातील ‘आम्ही’ म्हणजे हे दोघे सख्खे भाऊ, हे आधीच सांगून ठेवलेले बरे; कारण मधली पंधरा वर्षे हा शब्द आमच्या तोंडी नव्हता.

आमच्यात हाणामारी झाली नाही की कोर्टकचेरी झाली नाही. बाबा २००६ साली गेले, तीन वर्षांनी वाटणी झाली. विहिरीच्या पाण्याची पाळी, वाडीत जायची पायवाट आणि एका फणसाची मालकी एवढ्यावरून शब्दाला शब्द लागला. रविवारी चर्चच्या आवारात चारचौघांसमोर आम्ही एकमेकांची विचारपूस करीत असू; घरी आल्यावर मात्र दोन दारे लागत. आई एक महिना इकडे आणि एक महिना तिकडे राही. दर पहिल्या तारखेला तिची पेटी भिंतीला वळसा घालून जाई. बाबांच्या हत्यारांचीही वाटणी झाली. कोनमापक, व्हर्नियर व हातड्रिल थोरल्याकडे. पाणसळ, ओळंबा आणि पत्रा कापायच्या कात्र्या धाकट्याकडे. पान्यांचा संचदेखील आम्ही एकाआड एक असा वाटून घेतला. निम्म्या पान्यांनी कोणतेच यंत्र पुरते खोलता येत नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

बाबा एअर इंडियाच्या सांताक्रूझच्या हँगरमध्ये पत्राकाम करीत असत. पहाटेची लोकल पकडून वसई रोडहून निघत आणि रात्री उशिरा परतत. १९७१ साली एअर इंडियाकडे पहिले बोइंग ७४७ आले तेव्हा आम्ही शाळकरी होतो. बाबा जेवताना ताट बाजूला सारून बोटाने जमिनीवर त्या विमानाची आकृती काढीत. सत्तर मीटरहून अधिक लांबी, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ साठ मीटर, आणि शेपटीचे टोक सहा मजली इमारतीएवढे उंच. प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगाने राजवाड्याच्या झरोक्याची महिरप काढलेली. एकदा त्यांनी आम्हांला हँगर दाखवण्यास नेले होते. त्या अवाढव्य पंखाखाली उभे राहून आम्ही वर पाहिले, तेव्हा पंख कोठे संपतो ते दिसेना. बाबा म्हणाले, “हा पंख आकाशात वाकतो. वाकतो म्हणून मोडत नाही.”

त्यांच्या कामातील एक नियम ते आम्हांला वारंवार सांगत. विमानाच्या सुकाणूंना जोडणाऱ्या भागांवर ज्याने काम केले, त्याच्या एकट्याच्या सहीवर ते विमान उडत नाही. दुसऱ्या माणसाने तेच काम स्वतंत्रपणे पुन्हा तपासावे लागते आणि मगच दुसरी सही होते. “करणाऱ्याच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही,” असे ते म्हणत. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोक’ हे विमान मुंबईहून दुबईकडे निघाले आणि लगेचच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. काळ्याकुट्ट समुद्रावर क्षितिज दिसत नसताना विमानाचा कल दाखवणारा वैमानिकासमोरचा दर्शक चुकीचा कल दाखवीत होता, असे पुढे निष्पन्न झाले. बाबा त्याविषयी फारसे बोलत नसत. “आपण सरळ आहोत की झुकलो आहोत, हे माणसाला आपल्या आपण कळत नाही,” एवढेच एकदा म्हणाले होते.

२०२४ च्या एप्रिल महिन्यात एअर इंडियाचे, विक्री झालेले एक ७४७ विमान मुंबईहून अमेरिकेकडे कायमचे निघाले. धावपट्टी सोडल्यावर वैमानिकाने पंख डोलवून शहराचा निरोप घेतला. त्याचे चित्रण त्या दिवशी घरोघरी पोचले. आमची मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नाही. कौलांखालच्या फटीतून एका घरातला आवाज दुसऱ्या घरात येतो. त्या रात्री दोन्ही बाजूंनी तोच इंजिनांचा घरघराट पुनःपुन्हा ऐकू येत होता. दोघेही तेच चित्रण परत परत पाहत आहोत, हे दोघांनाही कळले.

सकाळी विहिरीवर धाकट्याने विचारले, “दादा, पाहिलंस का?”

“पाहिलं. बाबा असायला हवे होते.”

पंधरा वर्षांत पाण्याच्या पाळीव्यतिरिक्त झालेले आमचे हे पहिले बोलणे. दोन-तीन दिवसांनी थोरल्याने एक कागद विहिरीच्या कठड्यावर दगडाखाली ठेवला. कारखान्यात नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेला होता. त्या कागदावर ७४७ ची रेघ न् रेघ मापात उतरली होती आणि खाली प्रश्न होता, ‘असे उडेल काय?’ धाकट्याने कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती बनवल्या होत्या. पुढे रेडिओवर चालणारी लहान विमानेही उडवली होती. त्याने त्याच कागदाच्या पाठीवर लिहिले, ‘मोठे केले तर उडेल.’

वाचकांपैकी अनेकांचा असा समज असेल की, प्रतिकृती जितकी लहान तितकी सोपी. प्रत्यक्षात मोठी प्रतिकृती वाऱ्यात अधिक स्थिर राहते आणि दुरून नीट दिसते. मात्र ती मोडली तर तिच्यासोबत बरेच काही मोडते. आम्ही एकास वीस हे प्रमाण ठरवले. लांबी ३ मीटर ५३ सेंटिमीटर, पंखांचा विस्तार ३ मीटरला दोन सेंटिमीटर कमी, धडाची रुंदी साडेबत्तीस सेंटिमीटर. वजन सतरा किलोच्या आत ठेवायचे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, छंदासाठी वा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यातच उडवल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा वेगळा उल्लेख आहे, तो आम्ही वाचून घेतला. बाजारात असे विमान तयार मिळत नाही. प्रत्येक तुकडा हाताने कापायचा होता. खर्च किती झाला हे कृपया विचारू नये. दोन्ही घरांतील गृहिणींना तो अद्याप ठाऊक नाही.

वाटणीपत्रात मागची पडवी सामाईक राहिली होती. इतकी वर्षे तेथे नारळाच्या झावळ्या आणि मोडक्या खुर्च्या पडून होत्या. २०२४ च्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात आम्ही पडवी झाडून काढली आणि विमानाच्या धडाला हात घातला. तीन मिलिमीटरच्या प्लायवूडच्या चोवीस गोल कड्या कापल्या, त्या एका सरळ नळीवर ओवून ओळीत उभ्या केल्या आणि त्यांच्या कडेने पाइनच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. या सांगाड्यावर फोमच्या पातळ पाट्या वाकवून बसवल्या, वर काचेच्या धाग्यांचे तलम कापड व इपॉक्सीचा हात दिला. लहानपणी नाताळात आम्ही बांबूच्या कामट्यांची चांदणी बांधीत असू. थोरला कामट्या तासायचा, धाकटा सुतळीच्या गाठी मारायचा आणि पतंगाचा कागद मात्र दोघांनी मिळून ताणायचा. पडवीत फोम वाकवताना कोणी न सांगता एकाने दाबून धरले आणि दुसऱ्याने चिकटवले. हात विसरले नव्हते.

बोलणे मात्र कामापुरतेच होते. ‘ते इकडे कर’, ‘थोडं वर घे’, ‘सुकलं का बघ’. फणसाचा विषय निघत नसे.

खरी कसोटी पंखांची होती. ७४७ चे पंख सरळ बाहेर पसरलेले नसतात. ते सुमारे साडेसदतीस अंशांनी मागे झुकलेले असतात. अशा पंखाचा एक स्वभाव आहे. विमानाचा वेग फार कमी झाला की त्याची टोके आधी उचल गमावतात. टोके मागे असल्याने तेथली उचल गेली की विमानाचे नाक एकदम वर जाते. आणि दोन टोकांपैकी एकाने आधी दगा दिला तर विमान त्या बाजूला कलंडते. उतरताना वेग कमी असतो आणि जमीन जवळ असते, त्यामुळे सावरायला अवधीच मिळत नाही. यावर जुना उपाय असा की, पंखाला बुंध्यापासून टोकापर्यंत थोडा पीळ द्यायचा. टोकाची पुढची कड दोन-तीन अंश खाली झुकवायची, म्हणजे टोके सर्वांत शेवटी उचल सोडतात. आम्ही तीन अंश ठरवले.

पंखांचा गाभा फोमचा. तो तापलेल्या नायक्रोमच्या तारेने कापतात आणि त्या कामाला दोन माणसे लागतातच. पंखाच्या दोन्ही टोकांना लाकडी साचे लावलेले असतात, त्यांवर आकडे लिहिलेले असतात. तारेचे एक टोक एकाच्या हाती, दुसरे दुसऱ्याच्या. बुंध्याकडचा साचा लांब, टोकाकडचा आखूड. तरीही दोघांनी एकाच क्षणी एकाच आकड्यावर पोचायचे. थोरला मोठ्याने म्हणे, “सात”, आणि धाकटा उत्तर देई, “सात”. “आठ.” “आठ.” कोणी घाई केली की तार तिरकी होऊन फोम खराब होतो. पहिले दोन गाभे आम्ही वाया घालवले. तिसऱ्या दिवशी ऐंशी वर्षांची आमची आई पडवीच्या दारात येऊन बसली आणि आमचे आकडे ऐकत राहिली. तिला त्यातले काही कळत नव्हते; पण ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

गाभे कापून झाल्यावर त्यांवर दीड मिलिमीटर जाडीच्या बाल्सा लाकडाचे आवरण चढवायचे होते. हे काम एकेकट्याने करता येण्यासारखे. डावा पंख थोरला आपल्या ओटीवर घेऊन गेला, उजवा धाकटा आपल्या. कामाची अशी वाटणी आम्हांला सोयीची वाटली. वाटणीची आम्हांला सवयच होती. आवरणाला इपॉक्सी लावून, पंख बाकावर सपाट ठेवून, त्यावर वजने मांडून दोन दिवस सुकवायचा असतो. वजने म्हणून दोघांनीही विटा वापरल्या. मधल्या भिंतीच्या उरलेल्या विटा दोन्ही घरांच्या मागे अजून रचलेल्या होत्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीस दोन्ही पंख पडवीत आले. देखणे झाले होते. धाकटा सहज म्हणाला, “आता तुझा पंख मी मोजतो, माझा तू मोज.”

थोरल्याचा चेहरा उतरला. “मी चाळीस वर्षं मापाचं काम केलं. माझ्या पंखावर तुझा भरवसा नाही?”

“भरवशाचा प्रश्न नाही, दादा.”

“मग कशाचा आहे? वाटणीच्या वेळीही तू माझ्यामागून टेप लावून पाहिली होतीस.”

झाले. पंधरा वर्षे दाबलेले सारे त्या पडवीत बाहेर आले. पायवाट आली, विहीर आली, फणस आला. बाबांच्या आजारपणात कोणी किती रात्री जागवल्या हेही आले, जे यायला नको होते. धाकट्यानेही मागे राहिला नाही, असे लिहिणे त्याला प्राप्त आहे. त्यानंतर तीन आठवडे पडवीत कोणी फिरकले नाही. बिनपंखांचे धड वाशाला टांगलेले होते. वारा आला की मंद हलायचे.

डिसेंबरची पहिली तारीख आली. त्या दिवशी आईने पेटी उचलायची ती उचलली नाही. दक्षिणेच्या घरातून निघाली, पण उत्तरेच्या घरी न जाता पडवीत आली, खुर्चीवर बसली आणि आम्हां दोघांना हाक मारली.

“तुमच्या बाबांचं काम रोज दुसरं कोणीतरी तपासायचं,” ती म्हणाली. “तीस वर्षं. त्यांना कधी अपमान वाटला नाही. उलट म्हणायचे, दुसरी सही झाली की मला रात्री झोप लागते. तुम्हांला दोघांना झोप लागते का?”

आम्ही काही बोललो नाही. धाकटा आत जाऊन पाणसळ घेऊन आला. थोरल्याने कोनमापक आणले. पंखाचा पीळ मोजायला ही दोन्ही हत्यारे एकत्र लागतात, आणि ती पंधरा वर्षांत प्रथमच एका ठिकाणी आली. बुंधा पाणसळीने आडवा केला, टोकाला कोनमापक लावले. उजवा पंख धाकट्याचा; तो थोरल्याने मोजला. तीन अंश. डावा पंख थोरल्याचा. तो धाकट्याने मोजला. त्याने आकडा उच्चारला नाही. कोनमापक तसेच धरून थोरल्याला पाहू दिले. एक अंश.

दोन अंशांचा हा फरक डोळ्यांना दिसला नसता. उड्डाणातही कदाचित जाणवला नसता. उतरताना, वेग मंदावल्यावर, डाव्या टोकाने आधी दगा दिला असता आणि विमान डाव्या अंगावर जमिनीवर आपटले असते.

थोरला बराच वेळ उभा होता. मग त्याने पाणसळ उचलली आणि आपल्या ओटीवर गेला. धाकटाही मागोमाग गेला. पाणसळ बाकाच्या एका टोकाला ठेवली; बुडबुडा मधोमध. दुसऱ्या टोकाला ठेवली. बुडबुडा एका कडेला. बाकाचा एक पाय खचला होता. तो पाय भिंतीलगत होता आणि तेथली फरशी बोटभर खाली गेली होती. गाभा बरोबर कापला होता, साचे बरोबर होते. पण पिळलेल्या बाकावर विटांखाली दोन दिवस सुकताना पंखाने बाकाचा पीळ घेतला. थोरल्याकडे पाणसळ असती तर बाक वाकडा आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळले असते. ती भिंतीपलीकडे होती, आणि मागायला जाणे त्याच्याने झाले नव्हते.

फरशी का खचली, हे आम्हां दोघांनाही न बोलता कळले. २००९ साली भिंतीच्या पायासाठी चर खणला तेव्हा तेथली माती हलली होती. ती नीट चोपून भरायला कोणी थांबले नव्हते. चूक कोणाच्या पंखाची, हा प्रश्न तेथेच संपला. भिंत दोघांची होती.

डावा पंख आम्ही नव्याने केला. या वेळी धाकट्याच्या ओटीवर, दोघांनी मिळून, बाक आधी पाणसळीत घेऊन. नंतर दोन्ही पंख धडाला जोडून विमान नाकाला आणि शेपटीला दोरी बांधून टांगले, तेव्हा नवा पंख जुन्यापेक्षा थोडा जड भरला. उजव्या टोकात शिशाचे तुकडे बसवून तोल साधला. पंखांखाली चार इंजिने बसली. ही खरी जेट इंजिने नव्हेत. नळीत बसवलेले, विजेवर फिरणारे नव्वद मिलिमीटरचे पंखे. चारही मिळून सुमारे अकरा किलोचा रेटा देतात. चार बॅटऱ्या नाकाच्या बाजूला ठेवल्या, कारण विमानाचा गुरुत्वमध्य थोडा जरी मागे सरकला तर ते हातात राहत नाही. सर्व मिळून वजन १६ किलो ४०० ग्रॅम भरले.

धाकट्याच्या मुलीने खिडक्यांभोवती लाल महिरपी काढल्या. नावावरून मात्र पुन्हा मतभेद झाला. थोरल्याला ‘एम्परर अशोक’ हेच नाव हवे होते. बाबांनी हात लावलेले ते पहिले ७४७. धाकट्याचे मन घेईना. या वेळी आवाज चढले नाहीत. नावाची जागा आम्ही कोरी ठेवली.

उड्डाणाआधी बाबांचा नियम पाळला. जे धाकट्याने जोडले ते थोरल्याने तपासले, जे थोरल्याने जोडले ते धाकट्याने. आणि एका वहीत दोन सह्या केल्या. थोरल्याला रेडिओचे ज्ञान नाही. पण शेपटीवरील सुकाणूच्या सळईचा एक स्क्रू सैल आहे, हे त्यालाच दिसले. तो धाकट्याने स्वतः आवळला होता, निदान त्याची तशी खात्री होती.

२०२५ च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी पहाटे, विमान तीन तुकड्यांत टेंपोत घालून आम्ही पालघर जिल्ह्याच्या आतल्या भागात गेलो. ओळखीच्या एका गृहस्थांच्या मोकळ्या जागेत दीडशे मीटरचा सरळ डांबरी रस्ता आहे, भोवती वस्ती नाही. त्या ठिकाणी उडवण्यास हरकत नाही, हे नकाशावर आधीच पाहून घेतले होते. आईला गाडीतून आणले होते. दोन्ही घरांतील माणसे रस्त्यापासून दूर, एका आंब्याखाली बसली.

रेडिओ धाकट्याच्या हाती होता. थोरला त्याच्या डाव्या खांद्याशी उभा राहिला. वेळ मोजायची आणि दिसेल ते बोलायचे, हे त्याचे काम. चार मिनिटांनंतर बॅटऱ्यांचा भरवसा नाही.

चारही पंख्यांचा आवाज चढला. विमान आधी हळू, मग एकाएकी वेगाने निघाले. पन्नासेक पावलांवर नाकाचे चाक उचलले गेले आणि पाठोपाठ मागची. पंख वर वाकलेले आम्हांला स्पष्ट दिसले. आंब्याखालून मुलांचा आरडाओरडा ऐकू आला. आम्हां दोघांपैकी कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. इंजिने पंखांखाली असल्याने रेटा वाढला की नाक वर जाऊ पाहते. धाकट्याने ते सावरले. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत विमान जरा दूर गेले. सकाळचे धुके अजून उतरले नव्हते. पांढरे विमान पांढऱ्या आकाशात मिसळले आणि नुसती करडी आकृती उरली. ती आपल्याकडे येते आहे की दूर जाते आहे, कोणत्या अंगावर झुकली आहे, हे क्षणभर धाकट्याला कळेना. त्याला वाटले, विमान समोरून येत आहे. त्याचा अंगठा त्या समजुतीने निघाला होता.

“लांब जातंय,” थोरला म्हणाला. “शेपूट तुझ्याकडे आहे. डावा पंख खाली. उजवीकडे घे.”

धाकट्याला जे दिसत होते ते याच्या नेमके उलट होते. विचार करायला सवड नव्हती. त्याने आपल्या डोळ्यांवर नव्हे, भावाच्या शब्दावर भरवसा ठेवला आणि उजवीकडे घेतले. आकृती सरळ झाली, वळली आणि उन्हात आल्यावर तिची लाल महिरप चमकली.

“दोन मिनिटं चाळीस,” थोरला म्हणाला. त्याचा आवाज कापत होता.

उतरण्यापूर्वी एक परीक्षा बाकी होती. विमान उंच नेऊन धाकट्याने रेटा हळूहळू कमी केला, वेग उतरू दिला, आणखी उतरू दिला. ज्या क्षणाची आम्हांला भीती होती तो आला. नाक सरळ पुढे झुकले. ना डावा पंख पडला, ना उजवा. दोन्ही पंखांनी एकाच वेळी उचल सोडली आणि वेग येताच एकाच वेळी परत धरली. थोरल्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्याने शेवटपर्यंत काढला नाही.

उतरणे फारसे सुंदर झाले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मागची चाके टेकली, विमानाने एक उडी घेतली आणि दुसऱ्यांदा टेकताना नाकाच्या चाकाची दांडी वाकली. नाक डांबरावर दोन हात घासले. वेळ झाली होती तीन मिनिटे पन्नास सेकंद. आई काठी टेकत रस्त्यापर्यंत आली, वाकलेल्या चाकाकडे पाहिले आणि म्हणाली, “हे कोणी लावलं होतं?”

“दोघांनी,” आम्ही एकदम म्हणालो.

“मग दोघांनी परत लावा.”

भिंत अजून उभी आहे. ती पाडावी असे आम्हांला वाटत नाही. दोन संसार आहेत, त्यांच्या सवयी दोन आहेत. फणसाचा प्रश्नही सुटलेला नाही, केवळ त्याचा आवाज कमी झाला आहे. पडवीतून मात्र दोन्हीकडची दारे आता दिवसभर उघडी असतात, आणि आईची पेटी कोणत्या महिन्यात कोणत्या घरी आहे याचा हिशेब चुकू लागला आहे. बाबांच्या पान्यांचा संच पडवीतल्या फळीवर पुन्हा ओळीने लागला आहे.

विमानाचे धड वाशाला टांगलेले असते. पंख काढून ठेवावे लागतात. थोरल्याने केलेला पंख धाकट्याच्या घरी असतो आणि धाकट्याने केलेला थोरल्याच्या. असे मुद्दाम ठरवले नव्हते. पहिल्या दिवशी टेंपोतून उतरवताना तसे झाले, आणि मग आम्ही तसेच ठेवले.